सेंट अँड्र्यूजची गोल्फ सहल: खेळणाऱ्यांसाठी आणि न खेळणाऱ्यांसाठीही

परदेशात गोल्फ खेळायला जायचं ठरलं की क्लबातल्या गप्पा लगेच कोर्सच्या नावांवर जातात. पण सोबत बायको, मुलं, आई-वडील, मेहुणे असा गोतावळा असेल, तर पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. आपण चार-पाच तास मैदानावर असताना ही मंडळी कुठे असतील आणि त्यांना कुठेही जायला कुणाच्या गाडीची वाट बघावी लागेल का?

बऱ्याच सहली इथेच फसतात. शहरापासून लांबचं रिसॉर्ट घेतात, गोल्फवाले सकाळी सातला गायब होतात आणि बाकीचे दिवसभर पोहण्याच्या तलावाकाठी अडकतात. तिसऱ्या दिवसापासून घरात धुसफूस सुरू होते. म्हणून मिश्र गटासाठी माझी निवड ठरलेली आहे: स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कोर्सचं, म्हणजे ओल्ड कोर्सचं, शेवटचं ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) तिथे गावातल्या इमारतींना लागून आहे. खेळ संपवून पाच मिनिटांत तुम्ही घरच्यांसोबत जेवायला बसू शकता. मैदानाची जमीन सार्वजनिक आहे आणि तिचा कारभार ब्रिटिश संसदेच्या 1974 च्या कायद्यानुसार एक न्यास पाहतो. त्यामुळे सभासद नसलेल्या माणसालाही तिथे हक्काने खेळता येतं.

आधी माणसं, मग तारखा

गोल्फ चौघांच्या फोरबॉलमध्ये खेळतात, त्यामुळे खेळणारे चार किंवा आठ असले की सगळं सोपं जातं. पाच असतील तर रोज कुणीतरी अनोळखी लोकांत जाणार किंवा बाहेर बसणार, हे आधीच मान्य करून घ्या. आठांपेक्षा जास्त खेळणारे आणि तितकेच न खेळणारे असा मोठा गट कुटुंबाच्या सहलीला मला पेलवणारा वाटत नाही. एक घर पुरत नाही, एक गाडी पुरत नाही आणि जेवायला कुठे जायचं हे ठरवण्यातच संध्याकाळ जाते.

खेळणाऱ्यांचे तीन प्रकार करा: हँडिकॅप असलेले, हौशी पण हँडिकॅप नसलेले, आणि मुलं. हँडिकॅप म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणारा अधिकृत आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला. हा भेद पुढे कामाला येतो. ओल्ड कोर्सवर खेळायला अधिकृत हँडिकॅपचा दाखला लागतो आणि हँडिकॅपला वरची मर्यादाही असते. आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेल्या क्लबातून जागतिक पद्धतीचा हँडिकॅप मिळतो. तो नसेल तर सहा-आठ महिने आधीच स्कोअरकार्ड भरायला लागा. निघायच्या आदल्या आठवड्यात सेक्रेटरीच्या मागे लागून हे काम होत नाही.

तारखांचं बोलायचं तर मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनची सुरुवात हा काळ उत्तम. आपल्याकडे शाळांना सुट्टी असते आणि तिकडे उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत टिकतो. सकाळ कुटुंबाला देऊन दुपारी चारला खेळायला निघालात तरी अठरा होल आरामात होतात. जूनच्या अखेरीस तिथल्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असतो, तेव्हा राहायला जागा मिळत नाही. ऑगस्टमध्ये एडिनबराच्या महोत्सवामुळे सगळंच महागतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्यावसायिक स्पर्धेसाठी कोर्स अडकलेले असतात. आणि 2027 च्या जुलैमध्ये ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची मोठी स्पर्धा सेंट अँड्र्यूजलाच आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्सवर खेळायचा बेत न केलेला बरा.

ओल्ड कोर्स मिळवायचा कसा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला मार्ग आगाऊ अर्जाचा. पुढच्या वर्षासाठीचे अर्ज साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात घेतले जातात. मागणी प्रचंड असल्यामुळे अर्ज केला म्हणजे वेळ मिळालीच असं नाही. या मार्गाने ओल्ड कोर्स मिळाला तर सोबत न्यासाच्या दुसऱ्या एखाद्या कोर्सवरही राउंड घ्यावा लागतो. ती काही शिक्षा नव्हे, कारण बाकीचे कोर्सही सुरेख आहेत.

दुसरा मार्ग बॅलटचा, म्हणजे सोडतीचा. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत ऑनलाइन नावं द्यायची आणि त्याच दिवशी संध्याकाळी निकाल बघायचा. एका अर्जात दोन ते चार खेळाडू चालतात. प्रत्येकाचं नाव, हँडिकॅप आणि क्लब तयार ठेवा, म्हणजे रोज पाच मिनिटांत काम होतं. गावात पोचण्याची वाट पाहू नका. एडिनबरातून किंवा विमानतळावर बसूनही अर्ज करता येतो.

आठ जण असाल तर दोन अर्ज जातील, आणि एका चौकडीचं नाव निघून दुसरीचं राहिलं असं सहज घडू शकतं. इथे मैत्रीची परीक्षा असते. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा: ज्यांचं नाव निघालं ते खेळतील आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त दुसऱ्या चौकडीचा अर्ज जाईल. हे ग्रुपवर लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं तिथे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तिसरा मार्ग एकट्या खेळाडूचा. पूर्वी लोक मध्यरात्रीपासून रांगेत उभे राहायचे. आता आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि संध्याकाळी सोडत निघते. दोघा-तिघांच्या गटात रिकामी जागा असेल तिथे एकट्याला घेतात. ज्याच्या मनात हा कोर्स लहानपणापासून आहे त्याला घरच्यांनी हा मार्ग मोकळा ठेवावा.

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो, मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडून. बुकिंग करताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. हंगामात ओल्ड कोर्सची ग्रीन फी, म्हणजे खेळण्याचं शुल्क, माणशी 300 पौंडांच्या वर आहे, तेव्हा ‘मिळाला तर खेळू’ म्हणणाऱ्याने तेवढे पैसेही बाजूला काढून ठेवलेले बरे.

एवढं करूनही ओल्ड कोर्स मिळणार नाही, असं धरूनच बाकीची सहल आखा. न्यू कोर्स 1895 चा आहे, नावाला नवा इतकंच. ज्युबिली, ईडन आणि 2008 मध्ये खुला झालेला, समुद्राच्या कड्यावरचा कॅसल यांच्या वेळा आधी पैसे भरून पक्क्या होतात. स्ट्रॅथटायरम त्या मानाने सोपा. बॅलगोव्ह हा नऊ होलचा कोर्स मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठीच आहे. हँडिकॅप नसलेल्या हौशी मंडळींना तिथेच न्या. गावाबाहेर क्रेल आणि ईली ही मासेमारीची गावं आहेत. ईलीच्या कोर्सवर पहिल्या टीसमोर (जिथून पहिला फटका मारतात त्या जागेसमोर) टेकाड असल्यामुळे पुढचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून गटांना खेळायला सोडणाऱ्या स्टार्टरच्या खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे. मुलांना तो दाखवाच.

न खेळणाऱ्यांचा कार्यक्रम

रविवार त्यांना द्या. त्या दिवशी ओल्ड कोर्स बागेसारखा सगळ्यांना खुला असतो. गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात, मुलं धावतात. कोर्सवरच्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावर निवांत फोटो काढता येतो, जो एरवी खेळाडूंच्या मधे घाईत काढावा लागतो. गोल्फ न कळणाऱ्यांना जोडग्रीन दाखवा. अठरांपैकी चौदा होलची ग्रीन जोडीने आहेत आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज 18 येते: 2 आणि 16, 3 आणि 15, अशी. मुलं पुढच्या जोड्या स्वतः शोधत जातात. फक्त 1, 9, 17 आणि 18 यांची ग्रीन स्वतंत्र आहेत.

पण घरच्यांना गोल्फची गोडी लागते ती हिमालयावर. ओल्ड कोर्सला लागूनच पटिंगचं, म्हणजे चेंडू जमिनीवरून हळू ढकलून होलात टाकण्याचं, एक ग्रीन आहे. इतके उंचवटे नि खळगे की त्याचं नावच हिमालय पडलंय. 1867 मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबचं ते मैदान. थोडे पैसे दिले की पटर (चेंडू ढकलायची काठी) आणि चेंडू मिळतो, आणि कुणीही खेळू शकतं. आमच्यातल्या एकाच्या सासूबाईंनी नऊवारीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ अशा थाटात तिथे पटर हातात घेतला. सात हँडिकॅपच्या जावयाचा चेंडू उतारावरून घरंगळत पार पलीकडे गेला आणि त्यांचा मात्र उंचवट्यावरून हळूच वळून होलात पडला. ‘अहो, अंगणात गोट्या खेळलोय आम्ही,’ एवढंच म्हणाल्या. नंतर त्या रोज संध्याकाळी ‘चला हिमालयावर’ म्हणू लागल्या. हा कार्यक्रम पहिल्याच दिवशी ठेवा, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

याशिवाय 1413 मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, कॅथेड्रलचे भव्य अवशेष आणि त्याच आवारात एकोणिसाव्या शतकातले नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांची समाधी, गोल्फचं संग्रहालय, वेस्ट सँड्सचा लांबच लांब किनारा, 1908 पासूनचं जॅनेटाज आइस्क्रीम हे सगळं चालत बघण्यासारखं आहे. बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर डंडी. तिथे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमा काढणाऱ्या कॅप्टन स्कॉट यांचं ‘डिस्कव्हरी’ जहाज आहे. ज्यांना खरेदी करायची त्यांना एक पूर्ण दिवस एडिनबराला मोकळं सोडा.

खेळणाऱ्यांसाठी एक नियम मी आग्रहाने सांगेन: दिवसाला एकच राउंड आणि दोन दिवस सलग खेळल्यावर एक दिवस सुट्टी. रोज छत्तीस होल खेळायचे असतील तर ती मित्रांची वेगळी सहल काढा.

व्हिसा, तिकिटं, कर

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रत्येकाला वेगळा लागतो, तान्ह्या बाळालाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांचे ठसे मुंबईत किंवा पुण्यात देता येतात. गटाचा व्हिसा म्हणून काही प्रकार नाही, त्यामुळे एकाचा आला आणि दुसऱ्याचा रखडला असं होऊ शकतं. व्हिसा हातात येईपर्यंत घर आणि तिकिटं रद्द करता येतील अशीच घ्या. टी टाइमचे, म्हणजे खेळाच्या राखलेल्या वेळेचे, पैसे भरण्यापूर्वी परताव्याची शेवटची तारीख बघून ती कॅलेंडरवर टाका. पुतण्या किंवा भाची आई-वडिलांशिवाय तुमच्यासोबत येत असेल तर पालकांचं संमतीपत्र हवं. ज्येष्ठांच्या प्रवास विम्यात बीपी, साखर, जुनी शस्त्रक्रिया सगळं खरंखुरं लिहा. लपवलं तर ऐन वेळी दावा नाकारला जातो.

पैशांबाबत एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. टूर कंपनीकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की टीसीएस (विकणाऱ्याने ग्राहकाकडून आधीच गोळा करायचा आयकर) घेतला जातो आणि तो ज्याने पैसे भरले त्याच्या पॅनवर जमा होतो. सगळ्यांचे पैसे एकानेच भरले तर सगळ्यांचा कर त्याच्या खात्यावर दिसणार आणि विवरणपत्रात खुलासा करत बसणार तोच. शक्य असेल तर प्रत्येक कुटुंबाने स्वतःच्या पॅनवर पैसे भरावेत.

हिशोबाची दोन खाती करा. घर, गाडी, किराणा हे एक. ग्रीन फी, कॅडी, चेंडू हे दुसरं. न खेळणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर गोल्फचा एक रुपयाही पडता कामा नये. व्हिस्कीचं बिल पिणाऱ्यांनी आपापसात वाटून घ्यावं. हिशोब ठेवणारी व्यक्ती शक्यतो न खेळणारी निवडा आणि रोज रात्री जेवणानंतर तिला दहा मिनिटं द्या.

सामान

गोल्फचे क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, केबिनमध्ये नेता येत नाहीत. बॅगेला जाड प्रवासी कव्हर घाला, ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचं) डोकं काढता येत असेल तर काढून सॉक्समध्ये गुंडाळून मधोमध ठेवा आणि सगळ्यात लांब क्लबपेक्षा थोडी उंच अशी आधाराची काठी आत उभी करा. आदळल्यावर मार तिच्यावर बसतो. लेझर रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. क्लब नवे आणि महागडे असतील तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते तिकडून विकत आणले का असा प्रश्न उरत नाही. दोनच राउंड खेळणाऱ्याने मात्र क्लब वाहून नेऊ नयेत, तिथे चांगले भाड्याने मिळतात. डावखुऱ्यांनी आधी कळवावं.

मेमध्येही अंगावर तीन थर लागतात: आत पातळ, मधे लोकरी, वर पाणी आणि वारा अडवणारं. छत्रीचा भरवसा धरू नका, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती उलटी होते. पावसात घालायचे हातमोजे आणि बुटांची दुसरी जोडी ही चैन नाही, गरज आहे.

खाण्याचं सामान बांधताना जपून. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पोहे, गोडा मसाला चालतो. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर ज्येष्ठांची सकाळ सुखाची होते आणि खर्चही आवाक्यात राहतो. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्याही पाहुण्यांना भाड्याने मिळतात. बाहेर खाताना शाकाहारी मंडळींनी शाकाहारी हॅगिस चाखून बघावं. कडधान्यं आणि ओटचं ते मिश्रण आपल्या जिभेला रुचतं.

पोचल्यावर

मुंबईहून आखाती देशांमार्गे किंवा लंडनमार्गे एडिनबराला उतरा. पहिला दिवस तिथेच काढा, झोप पुरी होऊ द्या. पुढे रेल्वेने गेलात तर ल्यूकर्स स्टेशनवर उतरायचं, कारण सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्टेशन 1969 मध्ये बंद झालं. तिथून बस दहा-पंधरा मिनिटांत गावात सोडते. गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्यावर वर्षभर चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडूनच आहे. पण नऊ आसनांच्या गाडीत नऊ माणसं आणि आठ गोल्फ बॅगा मावत नाहीत. बॅगा धरून आसनं मोजा.

मैदानावर

लिंक्सचा, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या कोर्सचा, खेळ आपल्या हिरव्यागार कोर्सपेक्षा वेगळा. जमीन टणक, वारा सतत. उंच उडवलेला चेंडू वारा कुठेही नेतो. ग्रीनच्या बाहेरूनही पटर वापरायला शिका आणि सात नंबरच्या क्लबने चेंडू घरंगळत नेणारा चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) घोटून घ्या. एप्रिलमध्ये आपल्याकडची जमीन कोरडी, कडक झालेली असते, तेव्हाच हा सराव उत्तम होतो. पॉट बंकरमध्ये (उभ्या कडांच्या खोल वाळूच्या खड्ड्यात) सापडलात तर मागे वळूनही चेंडू बाहेर काढा. सरळ पुढे मारण्याचा हट्ट धरला तर तिथेच चार-पाच फटके जातात.

ओल्ड कोर्सवर बगी (खेळाडूंना नेणारी छोटी गाडी) मिळत नाही, वैद्यकीय कारण असेल तरच अपवाद. आपल्याला कॅडी बॅग उचलणार याची सवय असते. तिथे कॅडी आधी नोंदवावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. चौघांत एक तरी घ्याच, कारण पहिल्यांदा गेलेल्याला चेंडू कोणत्या रेषेत मारायचा हेच कळत नाही. बाकीच्यांनी निघण्याआधी दोन महिने खांद्यावर हलकी बॅग घेऊन चालायचा सराव करावा.

वेग सांभाळा. राउंड चार तासांच्या आसपास संपावा अशी तिथे अपेक्षा असते आणि मैदानावर देखरेख करणारे मार्शल येऊन स्पष्ट सांगतात. पुढच्या गटापासून मागे पडू नका, हरवलेल्या चेंडूत वेळ घालवू नका, बंकर सारखा करूनच निघा. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेमधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा सार्वजनिक रस्ता जातो. माणसं निवांत ओलांडत असतात, तेव्हा थांबा. चेंडू भलतीकडे गेला तर लाज न धरता मोठ्याने ‘फोर’ ओरडा. पहिल्या टीमागची दगडी इमारत आर अँड ए (रॉयल अँड एन्शंट) गोल्फ क्लबची खासगी वास्तू आहे, फोटो बाहेरूनच काढा. चहा-नाश्त्याला न्यासाचं लिंक्स क्लबहाउस सगळ्यांना खुलं आहे.

वेगवेगळ्या हँडिकॅपचे लोक एकत्र खेळताना स्टेबलफर्ड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक होलचे वेगळे गुण धरून, मोजा. एका होलवर वाट लागली तरी चेंडू उचलून पुढे जाता येतं, त्यामुळे वेगही टिकतो. एक संध्याकाळ बॅलगोव्हवर मुलं आणि मोठ्यांचा मिळून स्क्रॅम्बल ठेवा: सगळ्यांनी मारायचं, उत्तम चेंडू निवडायचा, पुन्हा सगळ्यांनी तिथून मारायचं. संघ पाडताना नवरा-बायकोला आणि बाप-लेकाला वेगळं ठेवा, एकमेकांना सल्ले देणं थांबतं.

परतीच्या दिवशी राउंड ठेवू नका. आदल्या संध्याकाळी क्लब आणि बूट धुऊन पुसून वाळवा. ओल्या बॅगेचं वजन वाढतं आणि विमान कंपनी ते मोजते. दोन्ही खात्यांचा हिशोब त्याच रात्री संपवून पैसे ज्याचे त्याला पाठवा.